बाहाला फ्लाय रॉड घेऊन निघालात? आधी हे वाचा

बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला फ्लाय रॉड घेऊन जायचं मनात असेल तर तिकीट काढण्याआधी एकच हिशेब मांडा: प्रत्यक्ष पाण्यावर किती सकाळी मिळणार? दोनच मिळणार असतील तर माशाची आशा धरू नका. चार असतील तर जा. एक सकाळ वारा खातो, एक आपला स्वतःचा गोंधळ खातो, उरलेल्या दोन आपल्या. मी पहिल्या खेपेला हा हिशेब केला नव्हता. सॅन डिएगोहून शनिवार-रविवारला एक सुट्टी जोडून गेलो, दोन्ही सकाळी वाऱ्याने होडी पाण्यात घालू दिली नाही, आणि फिश टाको खाऊन परत आलो. टाको उत्तम होते.

माझं लहानपण वेंगुर्ल्याजवळचं. खडपावर बसून गरवायचो. गरीला पेडव्याचा तुकडा, हातात दोरी, बोटाला टोचणी लागली की हिसका. फ्लाय शिकलो ती मात्र अमेरिकेत, डोंगरातल्या नद्यांवर, ट्राउटच्या मागे. बाहाच्या समुद्रावर गेल्यावर कळलं की ट्राउटने शिकवलेलं निम्मं विसरायचं आणि खडपावरचं निम्मं आठवायचं. ते का, ते पुढे येईलच.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाला असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, केस आणि थोडी चमकी बांधून केलेला खोटा मासा. तिला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. आपण हवेत मागे-पुढे खेळवतो आणि फेकतो ती दोरी, फ्लाय नुसती तिच्या शेपटाला लागून जाते. त्या जाड दोरीला सगळे लाइन म्हणतात, मीही तेच म्हणेन.

नकाशा आणि महिना

बाहा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खाली लोंबणारा मेक्सिकोचा लांबच लांब दांडा. पश्चिमेला मोकळा पॅसिफिक, पूर्वेला त्याच पॅसिफिकचा आत शिरलेला हात: कोर्तेसचा समुद्र, म्हणजेच कॅलिफोर्नियाचं आखात. नवख्याने पूर्वेची बाजू धरावी. पश्चिमेला तोदोस सान्तोसच्या आसपास किनारा उभा उतरतो, लाट थेट पायाशी फुटते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा उभं राहू नका. वर मॅग्डालेना उपसागरात तिवरांमधल्या खाड्या आहेत, आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखीच्या वाटतील अशा, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची गोष्ट.

पूर्वेला दोन ठिकाणं सोयीची. एक ईस्ट केप: लोस बारिलेस, बुएना व्हिस्ता, ला रिबेरा ही गावं. सान होसे देल काबोच्या विमानतळावरून गाडीने तासाभराचा रस्ता, वाटेत कर्कवृत्त ओलांडतो आपण. दुसरं त्याच्या बरंच उत्तरेला, लोरेतो. १६९७ सालच्या मिशनभोवती वसलेलं शांत गाव, स्वतःचं छोटं विमानतळ, समोर बेटं. काबो सान लुकास मुद्दाम सांगत नाही. तिथे मोठ्या बोटी आणि मार्लिन आहेत, गर्दी आहे, आणि फ्लाय बघून भुवया उंचावणारे खलाशीही आहेत.

महिन्याचं असं आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उत्तरेचा वारा आखातात भरून राहतो. ला पासच्या खाली ला व्हेंताना नावाचं गाव आहे. हिवाळ्यात जगभरचे काइटसर्फर तिथे येतात एवढं सांगितलं तरी पुरे. मधे वारा पडला की सिएरा, आपल्या सुरमईचा भाऊबंद, भरपूर मिळतो आणि लोरेतोला हुरेल म्हणजे यलोटेल येतो, पण बसून वाट बघायची तयारी हवी. एप्रिल-मेपासून पाणी तापायला लागतं. मेअखेर ते जुलै हा ईस्ट केपवर रूस्टरफिशचा, म्हणजे कोंबडा माशाचा काळ. जून-जुलैत दोरादो (माहीमाही) येतात आणि पाणी गरम आहे तोवर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी २९-३० अंशांवर जातं, मासे असतात, माणसंच नसतात, कारण उकाडा असह्य आणि चक्रीवादळांचा हंगाम. सप्टेंबर २०१४ मध्ये ओदिल वादळ काबो सान लुकासवर थेट येऊन धडकलं होतं. नवख्याला मी जूनचा दुसरा पंधरवडा सांगतो, डोळे मिटून.

भरती-ओहोटीची काळजी कोकणातल्यासारखी करावी लागत नाही. ईस्ट केपला पाणी मीटर-सव्वा मीटर चढतं-उतरतं. आपल्याकडच्या उधाणापुढे ते काहीच नाही. (आखाताच्या पार उत्तरेला, सान फेलिपेकडे, तेच पाणी सहा-सात मीटर चढतं. आखात निमुळतं होत जातं ना.) तरी पाणी हलतं असताना मासा जास्त हलतो, एवढं लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास प्रवाहाला जोर असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो मंदावतो. पौर्णिमेला मासे रात्रभर खातात आणि सकाळी सुस्त असतात असं तिथले बरेच कप्तान मानतात. मी पौर्णिमेला चांगले दिवसही पाहिलेत, त्यामुळे तिकिटाच्या तारखा चंद्र बघून बदलू नका.

सामान

यादी देत नाही, कारण यादी दिली की लोक सगळं घेतात.

रॉडला नंबर असतात. नंबर मोठा तशी लाइन जड आणि रॉड ताठ. ट्राउटला ५ नंबर पुरतो. इथे एकच नेणार असाल तर ९ किंवा १० नंबर, नऊ फुटी, चार तुकड्यांचा, म्हणजे बॅगेत मावतो. दुसरा नेणारच असाल तर ८ नंबर, सिएरा आणि किनाऱ्यावरच्या लहानसहान माशांसाठी. १२ नंबर टूनासाठी, त्याच्या नादी पहिल्या खेपेला लागू नका.

पैसे खर्च करायचे तर रिळावर करा. ट्राउटच्या मासेमारीत रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायचं भांडं. इथे तो ब्रेक आहे. खारं पाणी आणि वाळू आत जाणार नाही असा बंदिस्त ड्रॅग (हाच तो ब्रेक) हवा आणि लाइनच्या मागे ३० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, बारीक जादा दोरी निदान २०० मीटर. तिला बॅकिंग म्हणतात. मोठा तोरो (जॅक मासा) लागला की तीस मीटरची लाइन बघता बघता जाते आणि पुढे जे सरसर जात राहतं ते बॅकिंग.

लाइनच्या बाबतीत एक चूक सगळे करतात, मीही केली. घरातली, थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन नेली. बाहाच्या उन्हात होडीच्या तळावर पडल्या पडल्या ती शिजलेल्या शेवयांसारखी लुळी पडते, कड्यांना चिकटते, फेकल्यावर अर्ध्यावर थांबते. उष्ण कटिबंधासाठी ताठ गाभ्याची वेगळी लाइन मिळते, तीच घ्या. दोन प्रकारच्या पुरे: एक इंटरमीडिएट, हळू बुडणारी, दुसरी ३००-३५० ग्रेनची, भराभर बुडणारी. तरंगणारी लाइन पॉपरसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगत आवाज करणाऱ्या फ्लायसाठी, मजेची असते, पण वारा आणि लाटा तिला स्वस्थ पडू देत नाहीत.

लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक तुकडा. २० पौंडी फ्लुरोकार्बन, सरळ एक तुकडा, इंटरमीडिएटला अडीच मीटर, बुडत्या लाइनला दीड. टोकाकडे निमुळते होत जाणारे महागडे लीडर इथे कशाला? सिएराचे दात वस्तऱ्यासारखे असतात, त्याच्यासाठी बोटभर तार लावा. रूस्टरला तार लावू नका. तो बघतो आणि वळतो.

फ्लायचं दुकान लावायची गरज नाही. तिथे सगळं जग सार्डिना खातं, साधारण बोटाएवढा चंदेरी मासा, आपल्या पेडव्याचा लांबचा भाऊबंद. त्याच्यासारखं दिसणारं काहीही चालतं. पोट पांढरं, पाठ करडी किंवा शेवाळी, मधे थोडी चमकी, १/० किंवा २/० चा हुक. क्लाउझर मिनो आणि डिसीव्हर या दोन जुन्या बांधण्या प्रत्येकी सहा घ्या. मोठ्या रूस्टरसाठी चार-पाच लांबलचक, बोयटासारख्या दिसणाऱ्या. दोन पॉपर, हौस म्हणून. हुकांच्या टोकामागचे उलटे काटे घरूनच पकडीने चेपून न्या. का, ते वाऱ्याच्या परिच्छेदात कळेल.

पोलराइज्ड चष्मा विसरलात तर विमानतळावरून परत फिरा. तांबूस काचांचा उत्तम. आणि किनाऱ्यावर फिरणार असाल तर कमरेला बांधायला टोपली हवी, ओढलेली लाइन पायाशी न पडता तीत पडते. दुकानातली महाग असते; मी धुण्याच्या प्लास्टिकच्या टबाला दोन भोकं पाडून पट्टा ओवला आहे. दिसायला हास्यास्पद, कामाला चोख.

घरी करायचा सराव

दोनच गोष्टींचा, पण रोज.

पहिली: वाऱ्यात फेकणं. बागेत, मैदानात, वारा असेल तेव्हाच जा. हवेत मागे-पुढे सहा वेळा लाइन हलवायची सवय मोडा. दोन हेलकावे आणि सोडा. मासा दिसल्यापासून नाहीसा होईपर्यंत पाच-सहा सेकंद मिळतात. डाव्या हाताने लाइनला झटका देऊन वेग वाढवण्याला डबल हॉल म्हणतात. तो एखाद्या जाणत्याकडून शिका, वाचून येत नाही. पंधरा-अठरा मीटर झटपट आणि नेमकं पडलं तर खूप झालं. पंचवीस मीटर फेकणारे लोक होडीत बाजूच्या माणसाची टोपी काढतात.

वारा उजवीकडून असेल आणि तुम्ही उजवे असाल तर फ्लाय डोक्याकडे येते. पाठ वळवून उभे राहा आणि मागच्या फेकीवर फ्लाय सोडा. हे मला ठाऊक होतं. तरी घाईत सरळ उभा राहिलो आणि क्लाउझर कानाच्या पाळीत रुतली. काटा चेपलेला होता म्हणून कप्तानाने दोन बोटांनी ती अलगद काढली, हसला, आणि माझ्या हातात लिंबाची फोड ठेवली. ती जखमेवर लावायची होती की खायची, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरी: हिसका. ट्राउटने फ्लाय धरली की रॉड वर उचलतात. नाजूक तोंड, बारीक हुक, तिथे ते बरोबर. खाऱ्या पाण्यातल्या माशाचं तोंड कडक, आणि रॉड उचलला की तो वाकतो, सगळा जोर तिथेच जिरतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून अलगद निघून येते. इथे रॉडचं टोक पाण्याकडे, थेट फ्लायच्या दिशेला ठेवायचं, आणि लाइन धरलेल्या हाताने लांब, कडक हिसका द्यायचा. जड लागलं तर आणखी एक. मगच रॉड उचला.

हे म्हणजे आपलं गरवणंच की. खडपावर काठीच नसते, दोरी आणि हात एवढंच. सहाव्या वर्षी जे हाताला येत होतं ते ट्राउटच्या मागे दहा वर्षं फिरून मी घालवून बसलो होतो, आणि पहिले तीन रूस्टर त्यापायी गेले. तिसऱ्याला मी फ्लाय तोंडात घेताना पाहिलं, तोंड मिटताना पाहिलं, आणि रॉड आकाशाकडे उचलला. कप्तान ओरडत होता, "हालाले! हालाले!" म्हणजे ओढ, ओढ. मी ओढलं नाही, उचललं. दाराच्या कडीला लाइन बांधा आणि रोज संध्याकाळी पन्नास हिसके द्या. घरचे हसतील.

पहिली सकाळ

पांगा ही तिथली होडी: फायबरची, उघडी, बावीस ते सव्वीस फुटी, मागे एक इंजिन. त्यात कप्तान आणि तुम्ही दोघे, जास्त नकोत. फ्लायवाला फेकताना मागेही लाइन जाते, त्यामुळे एकाने फेकायचं, दुसऱ्याने बसायचं, दर वीस मिनिटांनी किंवा दर माशाला पाळी बदलायची. आरक्षण करतानाच विचारा की कप्तानाने फ्लायवाल्यांबरोबर काम केलंय का. केलं नसेल तर तो होडी चालती ठेवून दोऱ्या ओढायच्या बेतात असेल, आणि दिवस नजरेच्या खुणांत जाईल. होडीवर शेड नसलेली बरी. असेल तर तिच्या खांबांना लाइन अडकते.

निघायचं उजाडताना. कप्तान आधी माशांकडे जात नाही, सार्डिनांकडे जातो. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक-दोन होड्या थांबलेल्या असतात, त्यांनी पहाटेच जाळं टाकून जिवंत सार्डिना धरलेल्या असतात. पैसे रोख, डोलभर सार्डिना आपल्या होडीच्या टाकीत. त्या दिवशी सार्डिना मिळाल्या नाहीत तर कप्तानाचा चेहरा बघून ओळखता येतं. मला या किनाऱ्याचं एवढंच शहाणपण कळलंय: मासा शोधत कोणी फिरत नाही. सार्डिना कुठे आहेत, त्यांना कोण हैराण करतंय, एवढंच बघतात.

मग तो प्लास्टिकची बॅट काढतो. हो, लहान मुलांची, पोकळ, पिवळी बॅट, तिचा पुढचा बुडखा कापलेला. कापलेल्या तोंडातून आत पाच-सहा सार्डिना सोडायच्या आणि हात मागे नेऊन झोकून द्यायच्या: वीस मीटरवर पाण्यात चांदीची नाणी पडल्यासारखी पडतात. क्षणभर काही नाही. पुन्हा बॅट. मग एका सार्डिनाच्या जागी पाणी आत ओढल्यासारखं होतं, टपोरा आवाज येतो, आणि पाठोपाठ दुसऱ्या, तिसऱ्या जागी. तेव्हा फेका. आधी फेकू नका, त्या गडबडीच्या मधोमधही फेकू नका. कडेला टाका आणि रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी भराभर ओढा. जखमी मासा पळतो तसं. मंद ओढलेल्या फ्लायकडे हे मासे ढुंकून बघत नाहीत.

कप्तान दिशा घड्याळाने सांगतो. होडीचं नाक बारा. "आ लास दोस" म्हणजे दोनच्या दिशेला, "आ लास ओन्से" म्हणजे अकराच्या. एवढे आकडे स्पॅनिशमध्ये पाठ करून जा. पाण्यावरचं वाचन तोच शिकवेल, तरी काही खुणा: पेलिकन सुरकांड्या मारत असतील तर खाली सार्डिना आहेत, पाण्यावर नुसते बसले असतील तर जेवण आटोपलंय. शांत पाण्यावर एखादा पट्टा शहारल्यासारखा दिसला तर तिथे घाबरलेली झुंड आहे. खोल निळ्या पाण्यावर काळे फ्रिगेट पक्षी एका जागी घिरट्या घालत उतरत असतील तर खाली बहुधा दोरादो.

अकरा-बाराला वारा उठतो. उठला की परत फिरायचं. त्यावर वाद घालू नका, माणूस रोज जातो तिथे.

कोण कोण भेटतं

दोरादो नवख्याचा मित्र. हाच माहीमाही. सोनेरी-हिरवा, निळे ठिपके, हाताला लागेपर्यंत रंग बदलत राहतो आणि मेला की मिनिटांत राखाडी पडतो. हे पहिल्यांदा बघताना जरा वाईट वाटतं. तरंगत्या सरगॅसम शेवाळाखाली, लाकडाच्या ओंडक्याखाली, काहीही सावली धरणाऱ्या वस्तूखाली झुंडीने राहतो. एक लागला की त्याला लगेच होडीत घेऊ नका, पाण्यातच असू द्या. बाकीचे त्याच्याभोवती थांबतात आणि जोडीदाराला फेकता येतं. लोरेतोला जुलैत हा खेळ बेटांच्या आसपास मनसोक्त होतो.

तोरो, म्हणजे जॅक, दिसायला गबाळा, ताकदीला रेडा. तो लागला की वीस मिनिटं हात दुखतात. फोटो कोणी काढत नाही. मला तो फार आवडतो.

सिएरा हा आपल्या सुरमईच्या घराण्यातला, अंगावर पिवळे ठिपके. चावे फार, जेवणाला उत्तम. लिंबाच्या रसातलं सेविचे तिथे याचंच करतात. पण धरल्याबरोबर बर्फात गेला पाहिजे, नाहीतर सोडून द्या. मी एकदा भाड्याच्या खोलीतल्या स्वयंपाकघरात मालवणी मसाला आणि रवा लावून तळला होता. मालकीणबाई वास घेत आल्या, दोन तुकडे खाऊन बसल्या, मसाल्याची पुडी ठेवून घेतली.

टोळ मासे तिथेही आहेत, आगुहोन म्हणतात, मीटरभर लांब, चोचीत दात. फ्लाय फाडून टाकतात. तोंडातला हुक हाताने काढायला जाऊ नका, लांब पकड घ्या.

आता रूस्टर. पेस गायो, कोंबडा मासा. फक्त पूर्व पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर सापडतो, दक्षिण कॅलिफोर्नियापासून पेरूपर्यंत, दुसरीकडे कुठेच नाही. पाठीवर सात लांब काटे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. एरवी खाचेत मिटलेले, चेव चढला की उभे. आजवरचा गळाने धरलेला सगळ्यात मोठा, ११४ पौंडांचा, १९६० साली ला पासला धरलेला आहे, आणि तो विक्रम अजून उभा आहे. फ्लायला लागतात ते बहुतेक दहा-वीस पौंडांचे, आणि तेवढेसुद्धा पुरेसे लाजवतात.

लाजवतात अशासाठी की तो येतो, बघतो, मागे लागतो आणि घेत नाही. होडीवरून त्याला जिवंत, बिनहुकाच्या माशाने खुणावून जवळ आणतात, आमिष ओढून घेतात आणि त्याच जागी फ्लाय पडते. रागावलेला मासा विचार करत नाही. किनाऱ्यावरून मात्र सगळा विचार करायला त्याच्याकडे वेळ असतो.

किनाऱ्यावरून

पहिल्या दोन सकाळी होडीवर घालवा, मगच हे करा. उतरती वाळू, स्वच्छ पाणी, सूर्य पाठीशी. सकाळी आठ-नऊनंतर, पाण्यात नजर शिरायला लागली की, थोड्या उंचवट्यावरून चालायचं आणि बघायचं. फेकत फेकत चालू नका. तासभर काही दिसणार नाही. मग लाटेच्या हिरव्या भिंतीत एक करडी सावली, तिच्यावर दोन काळे पट्टे, ओल्या वाळूपासून हाताच्या अंतरावर. चाललेली असते तुमच्या दुप्पट वेगाने. तिच्यामागे फेकून उपयोग नाही, तिच्यापुढे जायचं. म्हणजे पळायचं, मऊ वाळूत, टब कमरेला, रॉड हातात. तिच्या पुढे तीन-चार मीटर फ्लाय टाका, पळत पळतच ओढा. ती वळली, तुरा उभा राहिला, पाणी फाटत आलं, तर थांबू नका. फ्लाय थांबली की मासा थांबतो. मी तीन दिवसांत अकरा पाहिले, सात जणांपुढे फ्लाय टाकली, चार मागे लागले, एकाने घेतली. या वेळी हिसका दिला. तो मासा आठ पौंडांचा असेल. पाण्यातच धरला, हुक काढला आणि शेपटी हातातून निसटेपर्यंत उभा राहिलो.

दक्षिणेकडून लाटा आलेल्या असतील तर काठचं पाणी गढूळ होतं आणि हा उद्योग बंद. त्या दिवशी झोपा.

कागद आणि कायदा

भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हा नियम अनेक वर्षं आहे. तरी निघण्याआधी वाणिज्य दूतावासाच्या पानावर नजर टाका. होडीतून मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाला कोनापेस्काचा, म्हणजे मेक्सिकोच्या मत्स्यखात्याचा परवाना लागतो. दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा असे प्रकार आहेत. किनाऱ्यावरून गळ टाकायला तो लागत नाही. होडीवाले काढून देतात असं गृहीत धरू नका, विचारा.

माणशी दिवसाला जास्तीत जास्त दहा मासे, त्यात एका जातीचे पाचांहून अधिक नाहीत. दोरादो आणि रूस्टर दोनच. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपर्यंत दोरादो, रूस्टर, मार्लिन वगैरे मासे हौशी मासेमारीसाठी राखीव आहेत, ते विकता येत नाहीत. रूस्टर खाण्यात मजा नाही, तो सोडायचाच.

ईस्ट केपवरच्या काबो पुल्मोच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, किनाऱ्यावरूनही नाही. १९९५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, गावकऱ्यांनीच मासेमारी बंद केली, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन पाचपटीहून जास्त झालं. शेजारच्या किनाऱ्यांवर तुम्हाला जे मासे दिसतात त्यातले काही तिथूनच आलेले असणार. लोरेतोचा उपसागरही १९९६ पासून उद्यान आहे, पण तिथे हौशी मासेमारी चालते. उद्यानाची फी भरा.

कप्तानाला दिवसाच्या भाड्याच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी द्यायची पद्धत आहे. मासा न मिळालेल्या दिवशीही द्या, त्या दिवशी त्याने जास्त कष्ट केलेले असतात.

अंगाची काळजी

लांब बाह्या, टोपी, मानेला फडकं. ऊन वरून आणि पाण्यावरून दोन्हीकडून लागतं. डास पळवायच्या मलमातलं डीट हे रसायन लाइनचं प्लास्टिक विरघळवतं, त्यामुळे ते हाताच्या पाठीने लावा, तळव्यांना लागू देऊ नका.

वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, पुरून बसलेली असतात. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत पुढे न्या. पाकट चाहूल लागून उठून जातं. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. कोकणातल्या रापणकाराला हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.

संध्याकाळी, खोलीवर

अंघोळीआधी रीळ. गोड्या पाण्याखाली धरा, पण नळ जोरात सोडू नका. जोराच्या धारेने मीठ आत घुसतं. ड्रॅग ढिला करून ठेवा. लाइन बादलीत सोडून फडक्यातून ओढून घ्या. रॉडचे जोड रात्री सुटे करा, नाहीतर मिठाने असे बसतात की दोघांना मिळून ओढावे लागतात. वापरलेल्या फ्लाय पुन्हा डबीत टाकू नका, एका ओल्या फ्लायपायी सगळ्या डबीला गंज चढतो. खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवा. लीडरवरून बोट फिरवा, खरखर लागली तर कापून नवा बांधा, आजच, कारण उद्या साडेपाचला अंधारात गाठ दिसत नाही.

आणि झोपण्याआधी एकदा बाहेर जाऊन माडांच्या झावळ्या हलतायत का ते बघून या.